मानेतील जादा बरगडी आणि हाताला येणाऱ्या मुंग्या

मान किंवा खांदा दुखतो म्हणून साठी-सत्तरीत एक्स-रे काढला जातो आणि अहवालाच्या शेवटी एक अनपेक्षित ओळ येते: ‘सर्व्हायकल रिब’, म्हणजे मानेच्या मणक्याला फुटलेली जादा बरगडी. घरातील कोणीतरी या शब्दांचा अर्थ शोधू लागते आणि ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ हे भारदस्त नाव समोर येते. मग काळजी सुरू होते. आपल्या हाताला मुंग्या येतात त्या यामुळेच का? शस्त्रक्रिया करावी लागेल का? आणि हे हाड जन्मापासूनच असेल, तर ते आपल्या लेकी-नातवंडांकडेही गेले असेल का?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका भेदावर अवलंबून आहेत. हाड असणे वेगळे आणि आजार असणे वेगळे. हाड आईच्या गर्भात घडते. आजार झालाच तर पुढील आयुष्यात होतो, आणि बहुतेकांना तो कधीच होत नाही. हा भेद समजून घेतला, तर निष्कारण भीतीही टळते आणि त्या हाडावर सारा दोष टाकून खरे दुखणे नजरेआड करण्याची चूकही टळते. उतारवयात ही दुसरी चूक अधिक महागात पडते.

अरुंद वाट आणि तिचे तीन प्रवासी

मानेच्या पायथ्याशी, हासळीच्या हाडामागे (ज्याला आपण कॉलर बोन म्हणतो) आणि छातीच्या पहिल्या बरगडीच्या वर एक अरुंद वाट आहे. मानेतून व छातीतून हाताकडे जाणारे सारे काही याच वाटेने जाते. तिला वैद्यकात ‘थोरॅसिक आउटलेट’ असे नाव आहे. मराठीत वक्षद्वार म्हणता येईल.

या वाटेने तीन प्रवासी जातात. पहिला म्हणजे मज्जातंतूंचे जाळे. मानेतील पाचव्या ते आठव्या आणि छातीतील पहिल्या मज्जामुळांपासून ते विणले जाते आणि साऱ्या हाताला संवेदना व हालचाल पुरवते. दुसरी रोहिणी, म्हणजे हृदयाकडून हाताला शुद्ध रक्त नेणारी वाहिनी. तिसरी नीला, म्हणजे हाताकडील रक्त परत आणणारी वाहिनी. मज्जातंतू आणि रोहिणी मानेच्या बाजूच्या दोन ‘स्केलीन’ स्नायूंमधील फटीतून निघतात. नीला पुढच्या स्नायूच्या समोरून जाते. त्यानंतर तिघेही हासळी आणि पहिली बरगडी यांच्यामधून सरकतात आणि छातीच्या एका लहान स्नायूखालून काखेत उतरतात. या तीन ठिकाणांपैकी कोठेही जागा कमी पडली की दाब येतो.

दाब कोणावर येतो त्यानुसार या विकाराचे तीन प्रकार मानले जातात. मज्जातंतूंवर दाब येण्याचा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. शंभरातील नव्वदाहून अधिक रुग्ण याच गटातील असतात. यात मानेत व खांद्यात दुखते, हाताच्या आतल्या बाजूने करंगळी व अनामिकेपर्यंत मुंग्या येतात, आणि हात वर धरून काम केले की त्रास वाढतो. नीलेवर दाब येऊन तिच्यात गुठळी होण्याचा प्रकार शंभरात चार-पाच जणांना होतो; हात सुजतो, जड होतो, निळसर पडतो. रोहिणीवर दाब येण्याचा प्रकार शंभरात जेमतेम एखादा. पण तोच सर्वांत गंभीर असतो, आणि जादा बरगडीशी सर्वांत घट्ट संबंध असलेला प्रकारही तोच आहे.

बरगडी येते कोठून?

गर्भधारणेच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस गर्भाच्या पाठीशी, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, लहान लहान ठोकळ्यांच्या जोड्या डोक्याकडून खाली अशा क्रमाने तयार होऊ लागतात. त्यांना कायखंड म्हणतात. यांच्यापासूनच पुढे मणके आणि बरगड्या घडतात. बरगडीचा अंकुर केवळ छातीच्याच मणक्यांजवळ असतो असे नाही. मानेच्या मणक्यांजवळही तो असतो. मानेत मात्र तो वाढत नाही, मणक्याच्या बाजूच्या भागातच विरून जातो. मानेच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या मणक्याचा अंकुर क्वचित विरत नाही, वाढत राहतो. हीच ती जादा बरगडी. कधी ती जेमतेम सेंटिमीटरभर टोक असते, तर कधी पूर्ण वाढून पहिल्या बरगडीला जाऊन मिळते. कधी हाड लहानच राहते, पण त्याच्या टोकापासून पहिल्या बरगडीपर्यंत एक चिवट, तंतुमय पट्टा ताणलेला असतो. हा पट्टा एक्स-रेमध्ये दिसत नाही, आणि मज्जातंतूंना काचणारा खरा दोषी पुष्कळदा तोच असतो.

साधारणपणे २०० माणसांत एका-दोघांना अशी बरगडी असते; स्त्रियांत तिचे प्रमाण काहीसे अधिक आहे. बहुसंख्य लोक तिच्यासह आयुष्य काढतात आणि त्यांना तिचा पत्ताही लागत नाही. सत्तराव्या वर्षी एक्स-रेमध्ये ती प्रथम दिसली, तर तिने सत्तर वर्षे आपणांस काही त्रास दिला नाही, हीच तिच्याविषयीची सर्वांत मोठी साक्ष होय.

कोणत्या मणक्याला बरगडी यावी आणि कोणत्याला येऊ नये, हे गर्भाला कळते कसे? त्यासाठी ‘हॉक्स’ नावाचा जनुकांचा एक समूह काम करतो. माणसात अशी ३९ जनुके असून ती चार गुणसूत्रांवर चार गटांत वसलेली आहेत. त्यांचे वैशिष्ट्य असे, की गुणसूत्रावर ती ज्या क्रमाने मांडलेली असतात, साधारण त्याच क्रमाने शरीराच्या डोक्याकडून शेपटीकडील भागांत ती कार्यरत होतात. प्रत्येक मणक्यापाशी कोणकोणती जनुके जागी आहेत, यावरून तो मणका मानेचा, छातीचा की कमरेचा हे ठरते. या समूहाचा माग प्रथम फळमाशीत लागला. अमेरिकी संशोधक एडवर्ड लुईस यांनी दोन पंखांऐवजी चार पंखांच्या माश्यांचा अभ्यास केला आणि एका भागाची ओळख दुसऱ्या भागाला मिळते तेव्हा काय होते हे दाखवले. १९९५ साली त्यांना आणखी दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे उंदरांवर प्रयोग झाले. यांतील काही जनुके निकामी केली असता उंदराच्या सातव्या मणक्याला बरगडी फुटते असे दिसले. मानेच्या मणक्याने जणू छातीच्या मणक्याची ओळख धारण केली!

सस्तन प्राण्यांत हा हिशेब फार कसोशीने पाळला जातो. जिराफाची मान लांब, उंदराची आखूड, देवमाशाची तर दिसतच नाही. तरी तिघांच्याही मानेत मणके सातच. स्लॉथ आणि मॅनेटी या दोन प्राण्यांत तेवढा अपवाद आढळतो. हॉक्स जनुके गर्भातील इतरही अनेक अवयवांच्या जडणघडणीत भाग घेतात, त्यामुळे त्यांच्या कामात मोठा फेरफार निसर्गाला परवडत नाही, असे यामागचे एक स्पष्टीकरण दिले जाते. आपल्या वाचकांनी यातून भीती घेऊ नये. जन्मून, वाढून, म्हातारपणापर्यंत निरोगी पोहोचलेल्या माणसात ही बरगडी म्हणजे शरीररचनेतील एक छोटा फरक असतो, त्याहून अधिक काही नाही.

मग हे आनुवंशिक आहे का?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘थोडेसे’ असे आहे. आई, मुलगी, भावंडे अशा एकाच घरातील अनेकांना मानेची बरगडी असल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत, आणि काही घराण्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या उतरलेली दिसते. मानेचे मणके जन्मतःच एकमेकांस जुळलेले असण्याचा ‘क्लिपेल-फाइल’ नावाचा एक विरळा विकार आहे. त्यातही ही बरगडी अधिक आढळते. परंतु सर्वसामान्य माणसातील जादा बरगडीसाठी एखाद्या नेमक्या जनुकाकडे बोट दाखवता येत नाही. थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचे निदान करील अशी जनुकीय चाचणीही नाही. तशी चाचणी करून देतो असे कोणी सांगितल्यास पैसे खर्च करू नयेत.

जनुके हे सर्वस्व नव्हेत, हे दाखवणारा एक जुना प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. उंदरांच्या दोन वंशांत कमरेच्या मणक्यांची संख्या वेगवेगळी असते, एकात बहुधा पाच, दुसऱ्यात सहा. १९५८ साली अ‍ॅन मॅकलॅरेन आणि डोनाल्ड मिची या ब्रिटिश संशोधकांनी एका वंशाचे गर्भ दुसऱ्या वंशाच्या मादीच्या गर्भाशयात रुजवले. पिलांच्या मणक्यांची संख्या त्यांना वाढवणाऱ्या मादीच्या वंशाकडे झुकली. पाठीच्या कण्याची घडण ही जनुके आणि गर्भाशयातील परिस्थिती या दोहोंच्या संगनमताने होते, हे यावरून स्पष्ट होते.

म्हणून आपल्या अहवालात ही बरगडी दिसली, तर काहीही त्रास नसलेल्या मुला-नातवंडांचे एक्स-रे काढण्याची आवश्यकता नाही. त्यांच्यापैकी कोणाला हात वर धरल्यावर वारंवार मुंग्या येत असतील, तर ‘आमच्या घरात ही बरगडी आहे’ एवढे डॉक्टरांना सांगावे. वारशाचा उपयोग एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

हाडापासून आजारापर्यंत

जन्मजात अडचण तीस-चाळीस वर्षे गप्प राहते आणि मग बोलू लागते, याला कारणे असतात. लहानपणी खांदे उंचावर असतात. वयात येताना ते खाली उतरतात आणि मज्जातंतूंना पहिल्या बरगडीवरून अधिक वळसा घ्यावा लागतो. वाहनाच्या अपघातात मानेला हिसका बसतो, हासळी मोडून वेडीवाकडी जुळते, वर्षानुवर्षे हात उंचावून किंवा मान पुढे काढून काम करावे लागते. स्केलीन स्नायू सतत ताणात राहून जाड व ताठर होतात. अशा रुग्णांच्या स्नायूंचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास झाला, तेव्हा दीर्घकाळ आकुंचन टिकवून धरणारे मंद तंतू त्यांत प्रमाणाबाहेर वाढलेले दिसले. थोडक्यात, हाड हे निमित्त, आणि त्यावर पडलेला ताण ही ठिणगी. अनेक रुग्णांत तर जादा बरगडी मुळीच नसते. विकाराचा मज्जातंतूंचा प्रकार प्रामुख्याने २० ते ५० या वयात आणि स्त्रियांत अधिक सुरू होतो.

उतारवयात आधी संशय कोणाचा घ्यावा?

याच कारणाने, साठीनंतर प्रथमच हाताला मुंग्या येऊ लागल्या, तर जादा बरगडी असली तरी संशयितांच्या यादीत तिचे नाव शेवटी लिहावे. आधी पुढील शक्यता तपासून घ्याव्यात.

मानेच्या मणक्यांची झीज, म्हणजे स्पाँडिलोसिस, हे सर्वांत नेहमीचे कारण. मान विशिष्ट दिशेला वळवली की हातात कळ जाते. मनगटातील मज्जातंतू दबला, तर अंगठा, तर्जनी व मध्यमा यांना मुंग्या येतात आणि रात्री झोपमोड होते. कोपरापाशी तंतू दबला, तर करंगळी व अनामिका बधिर होतात. मात्र कोपराच्या वरच्या, हाताच्या आतल्या भागात काही जाणवत नाही. मधुमेह आणि ब१२ जीवनसत्त्वाची उणीव यांत मुंग्या बहुधा पायांपासून सुरू होतात आणि दोन्ही बाजूंना सारख्या असतात. खांदा आखडला असेल, तर हात वर जातच नाही.

काही शक्यता मात्र गंभीर आहेत. फुप्फुसाच्या शेंड्यावरील कर्करोगाची गाठ अगदी याच मज्जातंतूंना दाबते. विडी-सिगारेटचे व्यसन असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या व्यक्तीचा खांदा व हाताची आतली बाजू रात्रंदिवस दुखत असेल, वजन घटत असेल किंवा त्या बाजूची पापणी किंचित खाली आली असेल, तर छातीची तपासणी लांबवू नये. पेसमेकर बसवलेल्या किंवा मानेजवळच्या शिरेत नळी घातलेल्या बाजूचा हात सुजला, तर त्या नीलेत गुठळी झाली असण्याचा संभव असतो. दोन्ही हातांच्या रक्तदाबात वारंवार १५-२० अंकांहून अधिक फरक येत असेल, तर रोहिणी अरुंद झाली आहे का हे पाहावे लागते. म्हणून निदान एकदा तरी दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून घ्यावा.

पुढील लक्षणांत तर घरी थांबूच नये. छातीत दडपण येऊन डावा हात, जबडा किंवा पाठ दुखू लागणे आणि घाम फुटणे. एकाएकी हात लुळा पडणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे. हात अचानक सुजून निळा पडणे. हात किंवा बोटे एकाएकी थंडगार, पांढरी होणे किंवा टोकांशी काळे डाग दिसणे. ‘तिला मानेची बरगडी आहे, म्हणून हात दुखतोय’ असे समाधान करून घेऊन अशा वेळी घालवलेला एक तासही परत मिळत नाही. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तो क्रमांक दूरध्वनीजवळ ठळक लिहून ठेवावा.

निदान कसे होते?

या विकाराचे निदान एका चाचणीवर होत नाही. मनगटाची नाडी धरून मान वळवायला आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगणारी ‘अ‍ॅडसन’ चाचणी प्रसिद्ध आहे, परंतु त्यात पुष्कळ निरोगी माणसांचीही नाडी मंदावते. हात खांद्यापर्यंत उंचावून तीन मिनिटे मुठी उघडझाप करण्याची चाचणी अधिक माहिती देते. पण हृदयविकार किंवा खांद्याचे दुखणे असलेल्यांनी ती घरी करून पाहू नये. डॉक्टर मानेचा व छातीचा एक्स-रे, मज्जातंतूंच्या वहनाची तपासणी, गरजेनुसार एमआरआय किंवा रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी सुचवतात आणि साऱ्यांचा मेळ घालून निर्णय घेतात. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा दुसऱ्या हाताच्या मानाने सपाट झालेला दिसला, तर तंतूवर दाब दीर्घकाळ आहे असे समजावे आणि मज्जाविकारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. हे तपासणे सोपे आहे: दोन्ही तळहात शेजारी शेजारी ठेवून उजेडात पाहावेत.

उपचार आणि घरातील सांभाळ

१८६१ साली लंडनमध्ये होम्स कूट या शल्यचिकित्सकांनी मानेची जादा बरगडी काढली. तेव्हापासून या विकाराकडे शस्त्रक्रियेच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. तथापि ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ हे नाव रूढ करणारा १९५६ सालचा मेयो क्लिनिकमधील लेख व्यायामोपचाराविषयीचा होता, हे लक्षात ठेवावे. आजही मज्जातंतूंच्या प्रकारात पहिला उपचार भौतिकोपचाराचाच असतो. खांद्यामागचे स्नायू बळकट करणे, मानेच्या बाजूचे व छातीपुढचे आखडलेले स्नायू हळूहळू सैल करणे, पोटाने श्वास घेण्याची सवय लावणे, हे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही महिने करावे लागते. मान जोराने मोडून घेणे किंवा खांद्यावर जड हाताने चोळून घेणे टाळावे. वाढती दुर्बलता, आटलेले स्नायू, रोहिणीवरील दाब किंवा गुठळी असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. तीत मज्जातंतूंना, रक्तवाहिन्यांना व फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा धोका असतो. म्हणून उतारवयात ती केवळ एक्स-रेतील हाडासाठी कधीही करू नये.

घरात काही लहान बदल उपयोगी पडतात. छताजवळच्या दांडीवर कपडे वाळत घालण्याऐवजी छातीच्या उंचीचे स्टँड वापरावे. रोजचे डबे माळ्यावरून खालच्या फळीवर आणावेत. भाजीची पिशवी एकाच हातात वा खांद्यावर न घेता वजन दोन हातांत वाटावे, किंवा चाकांची पिशवी घ्यावी. दुखऱ्या कुशीवर किंवा डोक्याखाली हात घेऊन झोपू नये. पाठीवर किंवा दुसऱ्या कुशीवर झोपून दुखऱ्या हाताखाली उशी ठेवावी. शुश्रूषा करणाऱ्यांनी वृद्ध व्यक्तीला हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढू नये. कमरेला रुंद पट्टा बांधून, तिला पुढे झुकायला सांगून उठवावे. यात उठणाऱ्याचा खांदा वाचतो आणि उठवणाऱ्याची मानही.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एक कागद सोबत न्यावा. मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात, कोणत्या कामात वाढतात, रात्री जाग येते का, हात कधी सुजतो वा रंग बदलतो का, आणि त्रास किती दिवसांपासून आहे, हे त्यावर लिहावे. एक्स-रेतील त्या ओळीविषयी अवश्य विचारावे. पण प्रश्न असा विचारावा: ‘माझा त्रास या बरगडीमुळेच आहे असे कशावरून म्हणता येईल, आणि दुसरी कारणे तपासून झाली आहेत का?’ या एका प्रश्नाने आपले पुष्कळ औषध, पुष्कळ खर्च आणि कधी कधी जीवही वाचू शकतो.